‘अस्सल मराठी नावां’ची दंतकथा: अंबाजोगाईच्या शिलालेखापासून बीडच्या जन्मनोंदीपर्यंत

१/
दर काही महिन्यांनी एखाद्या शाळेतील पहिलीच्या वर्गाची हजेरी समाजमाध्यमांवर फिरू लागते. रेयांश, विवान, कियान, मायरा, कियारा, शनाया. खाली ठरलेला विलाप असतो: मराठी नावे संपली, संस्कृती बुडाली, विठ्ठलाच्या महाराष्ट्रात विठ्ठल नावाचे मूल सापडेनासे झाले. विलाप मनापासून केलेला असतो. पण तो इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही. #धागा

२/
तो का टिकत नाही हे पाहण्यास अंबाजोगाईइतके सोयीचे गाव क्वचित मिळेल. यादवकालीन शिलालेख, परंपरेने ११८८ चा मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’, दासोपंतांची पासोडी, निजामी अमलातील ‘मोमिनाबाद’ आणि नंतरचा मुक्तिसंग्राम: आठशे वर्षांची नावे या एका तालुक्याच्या गावात थरांवर थर रचून ठेवलेली आहेत. एकेक थर उलगडत गेले तरी ‘कायमचे अस्सल मराठी नाव’ अशी वस्तू हाती लागत नाही.

३/
तेराव्या शतकात अंबाजोगाई हे देवगिरीच्या यादवांचे महत्त्वाचे ठाणे होते. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख येथे मिळाले. त्यांत गुजरातच्या स्वारीत धारातीर्थी पडलेला त्याचा पुत्र राम भेटतो आणि त्या भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारणारी लक्ष्मीही भेटते. राम आणि लक्ष्मी आजही घरोघरी आहेत. खोलेश्वर मात्र गावातील महाविद्यालयाच्या पाटीवर उरला.

४/
राजघराण्याची नावे पाहावीत: भिल्लम, सेउणचंद्र, जैतुगी, सिंघण, आमण. मराठीला राजाश्रय देणाऱ्या घराण्याची ही नावे. आज कोणी मुलाचे नाव ‘जैतुगी’ ठेवले, तर ‘हे कुठले विचित्र नाव?’ असा पहिला प्रश्न तोच विचारील, जो काल रेयांशवर चिडला होता.

५/
त्याच शतकातील ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी सिद्ध केले. त्यातील स्त्रियांची नावे: महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा. यांपैकी महदाइसा ही आद्य मराठी कवयित्री मानली जाते. ‘आइसा’ हा नावाचा शेवट तेव्हा इतका रूढ होता की पानापानावर तो दिसतो. आज तो समूळ गेला आहे. मराठी स्त्रीनामांचा एक अख्खा साचा लोपला आणि त्यासाठी कोणीही अश्रू ढाळले नाहीत, कारण तो कधी होता हेच कोणाला आठवत नाही.

६/
पुढचा थर सोळाव्या शतकाचा. सर्वज्ञ दासोपंत (जन्म १५५१) यांनी अंबाजोगाईत ग्रंथरचना केली. कापडाच्या पासोडीवर लिहिलेले त्यांचे ‘पंचीकरण’ प्रसिद्ध आहे. त्यांच्या वडिलांचे नाव दिगंबर. ते आजही चालते. ‘दासो’ चालत नाही. मोरो त्रिंबक पिंगळे, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो: शिवकालातील कारभाऱ्यांची ही ओकारान्त नावे तेव्हा प्रतिष्ठेची होती. मोरो, निळो, दत्तो, दासो, धोंडो यांची पिढी विसाव्या शतकात निवृत्त झाली.

७/
म्हणजे रेयांश जन्मण्यापूर्वीच मराठी नावांची निदान तीन घराणी नामशेष झाली होती. ज्यांना ‘परंपरागत’ म्हटले जाते ती नावे बहुधा बोलणाऱ्याच्या आजी-आजोबांची असतात. दोन पिढ्यांच्या आठवणीला परंपरा म्हणणे हा स्मरणरंजनाचा हक्क आहे. तिला आठशे वर्षांचा पुरावा म्हणून मांडणे हा इतिहासावर अन्याय आहे.

८/
दुसरा आक्षेप: नावे परकी झाली. मग प्रारंभ शहाजीराजांपासून करावा लागेल. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे मराठी परंपराच सांगते. १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा; त्याच्या नावात चक्क ‘फिरंग’ आहे. हैबतराव, दौलतराव, हिंमतराव, पिराजी ही नावेही फारसी-अरबी शब्दांवर उभी आहेत. त्यांना ‘जी’ आणि ‘राव’ जोडून मराठीने आपलेसे केले.

९/
बीड शहरातील खंडोबाचे मंदिर एका परंपरेनुसार सुलतानजी निंबाळकरांनी बांधले. देव खंडोबा, भक्त सुलतानजी! मराठी कागदपत्रांत ‘अमुकचा मुलगा’ लिहिण्यासाठी ‘बिन’ आणि ‘वलद’ हे शब्द सर्रास येतात. दोन्ही अरबीतून आलेले. गावाची गोष्टही तशीच: आंबे, जोगाईचे आंबे, मोमिनाबाद, पुन्हा अंबाजोगाई. नाव बदलले म्हणून योगेश्वरीचे मंदिर हलले नाही, आणि मोमिनाबादच्या काळात गावातली मराठीही थांबली नाही.

१०/
तिसरा आक्षेप: हल्ली लोक सिनेमा आणि मालिकांवरून नावे ठेवतात. ‘कियारा’ला २०१० च्या ‘अंजाना अंजानी’ चित्रपटातील व्यक्तिरेखेने चालना दिली, हे खरे. पण १९२९ मध्ये जन्मलेल्या हेमा मंगेशकरचे नाव वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिकेवरून ‘लता’ झाले. १९७३ मध्ये मराठी कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाला सचिन देव बर्मन यांचे नाव दिले. ‘सचिन’ला आज कोण परप्रांतीय म्हणेल? सुनील गावसकरांनी मुलाचे नाव ‘रोहन’ ठेवले ते वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून.

११/
चौथा आक्षेप शास्त्राचा: पूर्वी नावे शास्त्रानुसार ठेवली जात. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडावा. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, रोहिणी, तुळसा सगळ्या बाद! महाराष्ट्राने मुलींना पिढ्यान्‌पिढ्या नेमकी हीच नावे दिली. लोकांनी नदीवर प्रेम केले आणि श्लोक बाजूला ठेवला.

१२/
एकोणिसाव्या शतकातील चार प्रसिद्ध स्त्रियांची माहेरची नावे पाहावीत. यमुना झाली डॉ. आनंदीबाई जोशी. दुसरी यमुना झाली रमाबाई रानडे. गोदूबाई झाल्या आनंदीबाई कर्वे. तापीबाई झाल्या सत्यभामाबाई टिळक. चार नद्या, आणि चौघींचीही नावे लग्नमंडपात पुसली गेली. बदललेले नाव तांदळांत कोरले जात असे. मुलीचे जन्मनाव कायम राहावे, असा हट्ट त्या ‘नाव जपणाऱ्या’ परंपरेने कधी धरला नव्हता.

१३/
आडनावाचेही तेच. सतराव्या-अठराव्या शतकांतील कारभारी स्वतःला ‘मोरो त्रिंबक’, ‘बाळाजी विश्वनाथ’ असे लिहीत: स्वतःचे नाव, मग वडिलांचे. कुळाची नावे होतीच. पण प्रत्येकाला एक कायमचे, न बदलणारे आडनाव हवे, ही सक्ती शाळा, न्यायालय आणि महसूल यांच्या आधुनिक कागदांनी रुजवली. २०२५ मध्ये बीड जिल्हा पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावे काढण्यात आली, कारण आडनावाआड जात वाचली जात होती. त्यावर ‘परंपरेचा अपमान’ म्हणणाऱ्यांनी पेशवाईचे कागद पाहावेत.

१४/
राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव येईल. याला ‘पाश्चात्त्य थेर’ म्हटले गेले. पैठणचा राजा स्वतःला काय म्हणवीत होता? गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा? वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यातील लेख कोरवून घेणारी गौतमी बलश्री ही त्या सातकर्णीची आई. ही मातृनामे गोत्रदर्शक होती आणि आजचा हेतू वेगळा आहे, हे मान्य. पण आईच्या नावाने ओळखले जाणे मराठी भूमीला नवे नाही.

१५/
आता रेयांशकडे यावे. ‘रे’ हे अक्षर कोठून आले? बहुधा पंचांगातून. अवकहडा चक्रात स्वाती नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे रू, रे, रो, ता अशी आहेत. मृगाची वे, वो, का, की. मूल स्वातीच्या दुसऱ्या चरणावर जन्मले की घरातील ज्येष्ठच सांगतात, ‘रे’वरून नाव काढा. पूर्वी हे जन्मनाव पत्रिकेत राहत असे आणि आत्या पाळण्यात हाकेचे नाव वेगळे ठेवीत असे. आता अनेक घरांत दोन्ही एकच करण्याची हौस आहे. ‘रे’वरून जुनी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मग नवे घडवावे लागते. म्हणजे ज्या नावावर परंपरेचे रक्षक चिडतात, त्यातील काही परंपरेच्याच आग्रहातून जन्माला येतात.

१६/
येथे टीकाकारांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. अनेक नव्या नावांना संस्कृत अर्थ चिकटवले जातात आणि ते खोटे असतात. ‘रेयांश म्हणजे विष्णूचा अंश’ असे संकेतस्थळे सांगतात. संस्कृतात ‘रेय’चा असा अर्थ नाही. इंग्रजी ‘रे’ आणि संस्कृत ‘अंश’ यांचा तो सांधा दिसतो. सांधा करण्यास हरकत नाही; फिरंगोजीही सांधाच होता. हरकत खोट्या वंशावळीला आहे. नाव आवडले म्हणून ठेवले, एवढे प्रामाणिक उत्तर पुरेसे असावे.

१७/
येथपर्यंतचा वाद रुचीचा. नावांच्या इतिहासातील खरे दुखणे याखाली आहे आणि विलाप करणारे तेथे सहसा उतरत नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाची वर्णवार विभागणी आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस येईल असे. स्त्रीनामाच्या बाबतीत लोकांनी मोडलेला तोच ग्रंथ; पण हा नियम गावगाड्याने बऱ्याच निष्ठेने पाळला. कचरू, उकिरडा, केरबा ही नावे कोणत्या आळीत अधिक होती, हे मराठवाड्यातील वडीलधारी माणसे आजही सांगू शकतील.

१८/
यावर उत्तर येते: धोंडो तर ब्राह्मणही होते, महर्षी धोंडो केशव कर्वे होतेच की! बरोबर. मुले जगत नसत, तेव्हा मृत्यूची नजर चुकवण्यासाठी नवसाच्या मुलाला दगडू, धोंडू, भिकू म्हणत. हे नाव सर्व जातींत आढळते. त्यामागे तिरस्कार नव्हता, भय होते. बालमृत्यूचे प्रमाण घटले तशी ही नावेही मागे पडली. ‘धोंडू’ गेला म्हणून खंत करणाऱ्याने त्याच्यासोबत काय गेले तेही पाहावे: पाठोपाठची तान्ही प्रेते पुरलेल्या आईचे भय.

१९/
पण भयाने दिलेले नाव आणि उतरंडीने लादलेले नाव यांत अंतर आहे. धोंडो केशवांच्या नावाने त्यांची वाट अडवली नाही. कचरूची अडवली, कारण नाव उच्चारताच त्याची पायरी ठरत असे. म्हणून विसाव्या शतकातील नामकरणाची सर्वांत मोठी क्रांती सिनेमाने घडवली नाही. ती आंबेडकरी चळवळीने घडवली.

२०/
१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्राच्या पाळण्यांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा आले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाचे नाव ‘मिलिंद’. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. पण येथे अभिप्रेत आहे तो ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील राजा, अर्थात ग्रीक मिनँडर. आज सर्व जातींत आढळणाऱ्या या नावामागे एक यवन राजा आणि एक मुक्तीची चळवळ उभी आहे. ‘शुद्ध नावां’च्या यादीत त्याला कोठे बसवायचे?

२१/
नाव ही किरकोळ बाब आहे, असे मराठवाड्याला तरी कोणी सांगू नये. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे! ज्या विद्यापीठाशी अंबाजोगाईची महाविद्यालये जोडलेली आहेत, त्याच्या नावासाठी माणसांनी प्राण दिले.

२२/
याच गावात नाव टाकून देण्याचेही उदाहरण आहे. व्यंकटेश खेडगीकर नावाच्या तरुणाने संन्यास घेतला, नवे नाव घेतले आणि १९३० च्या दशकात अंबाजोगाईच्या शाळेत येऊन शिकवले. पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले: स्वामी रामानंद तीर्थ. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जन्मनाव बदलले म्हणून त्यांची मुळे तुटली, असे म्हणण्यास कोणी धजणार नाही.

२३/
आता शेवटचे आणि सर्वांत कठीण नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ नाव असलेल्या २८५ मुलींनी तेथे नवी नावे घेतली. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिला हे नाव मिळत असे. दगडूचे नाव मुलाला मृत्यूपासून लपवीत होते. नकुशीचे नाव मुलीला रोज सांगत होते की तिचे येणे हीच चूक होती. शाळेत हजेरी घेताना तेच ऐकायचे, तेच लिहायचे. हे नाव अगदी ‘अस्सल मराठी’ आहे. त्यात एकही परका शब्द नाही.

२४/
बीड जिल्ह्यात तर प्रश्न नावाच्याही आधीचा होता. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली: २००१ च्या जनगणनेत ८९४, २०११ मध्ये ८०७. महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत हा सर्वांत खालचा आकडा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच होते, १९८८ मध्ये! पुढे कारवाया झाल्या, प्रमाणही सुधारले. पण ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांना वाईट नावही मिळाले नाही. २०११ च्या त्या गणनेतील मुले आता मोठी झाली आहेत. इतिहासाचे असे धागे वाचणारी हीच पिढी.

२५/
मुलीचे नाव कियारा ठेवणाऱ्या जोडप्याने नाव सिनेमातून उचलले असेल. पण ते जोडपे महिनाभर त्या नावासाठी भांडले, याद्या चाळल्या, आजीचा रुसवा काढला. मुलीच्या नावावर इतका वेळ खर्च होणे ही या जिल्ह्याच्या इतिहासात लहान गोष्ट नाही. त्या नावाची थट्टा करणाऱ्याने आधी ते ‘नकुशी’शेजारी ठेवून पाहावे.

२६/
ज्यांना खरोखर जुन्या नावांची ओढ आहे त्यांच्यासाठी साधने उघडी आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन मोडी व उर्दू दफ्तरे बाहेर आली. त्यांत जात शोधली गेली. त्याच ओळींत नावेही आहेत. गावची जन्म-मृत्यू नोंद, जिल्हा परिषद शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे, मंदिरांचे शिलालेख: मोडी शिकलेल्या दोन-तीन तरुणांनी एका गावाची शंभर वर्षांची नावे दशकवार उतरवली, तरी आजच्या शंभर विलापांहून ते मोलाचे काम होईल.

२७/
आणि पुढच्या वेळी एखाद्या वर्गाची हजेरी हसण्यासाठी फिरू लागली, तर रेयांश किती आणि विठ्ठल किती हे मोजण्यापूर्वी एक मोजणी करावी: त्या यादीत मुली किती आहेत?